शंभर म्हणजे शंभरच

शंभर शब्दांच्या कथेची स्पर्धा घ्यायचं ठरलं की गटातले लोक आधी बक्षीस ठरवतात, मग परीक्षक, मग पोस्टरचा रंग. नियमांची पाळी शेवटी येते. भांडण मात्र हमखास नियमावरूनच होतं, आणि तेही एकाच: शब्द मोजायचा कसा? म्हणून इथं उलट्या टोकापासून सुरुवात.

डोळ्यासमोर आहे तो विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाभोवती जमलेला, व्हॉट्सॲपवरचा लिहिणाऱ्यांचा गट. दोन-चार शिक्षक, ग्रंथालयाचे सचिव, एखादी आशाताई, कृषी केंद्रवाला, कॉलेजातली पोरं, आणि कधीच काही न बोलणारे पण सगळं वाचणारे शंभरेक जण. शहरातल्या साहित्य मंडळांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

प्रकार कोणता घ्यायचा हा प्रश्न लवकर मिटवावा. अलक, म्हणजे अतिलघुकथा, हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तिला ठाम मर्यादा नाही. कोणी चार ओळी पाठवतो, कोणी दीड पान. चारोळी घेतली तर यमकांचा पूर येतो. शतशब्दकथा, लाडानं ‘शशक’, हा स्पर्धेसाठी सगळ्यात सरळ प्रकार, कारण तिची व्याख्याच आकड्यात आहे. इंग्रजीत तिला ड्रॅबल म्हणतात; बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळात १९८०च्या दशकात हा खेळ सुरू झाला, आणि तिथंही अट हीच होती: बरोबर शंभर.

शब्द मोजताना

पहिला नियम लिहायचा तो हा. शंभर म्हणजे शंभर. ‘शंभरपर्यंत’ नाही, ‘पाच इकडेतिकडे चालतील’ नाही. पाचाची सूट दिली की वाद शंभरावर न होता एकशे पाचावर होतो, एवढाच फरक. शिवाय आकडा नेमका असला की लिहिणाऱ्याला दोन शब्द काढायला किंवा एक घालायला पुन्हा मजकुराकडे जावंच लागतं, आणि त्या शेवटच्या फेरीत बहुतेक कथा सुधारतात.

दुसरा नियम: दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे असेल तो एक शब्द. हे सोपं वाटतं, पण मराठीत घोळ इथंच होतो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. ‘काट्यापाशी’, ‘घरासमोर’, ‘आईसाठीसुद्धा’ हे प्रत्येकी एकच शब्द. म्हणजे इंग्रजीतल्या शंभर शब्दांपेक्षा मराठीतल्या शंभर शब्दांत जास्त माल मावतो. हुशार लोक याच्या पुढं जातात आणि ‘बसलाहोता’, ‘लिहूनठेवलं’ असं जोडून टाकतात. त्यासाठी नियमात एक ओळ हवी: जे शुद्धलेखनात सुटं लिहितात ते चिकटवलं असलं तरी सुटंच मोजू.

उलटा प्रकार जास्त होतो आणि तो मुद्दाम केलेला नसतो. मोबाइलच्या कीबोर्डवर वर आलेला सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यामागे आपोआप मोकळी जागा पडते. मग ‘गावाला’चं ‘गावा ला’ होतं, ‘गाडीवर’चं ‘गाडी वर’. अशा सहा-सात फटी पडल्या की शंभर शब्दांची कथा मोजणीत एकशे सहा-सात भरते आणि सरळ माणूस बाद होतो. संयोजकानं आधी फटी जोडाव्या, मग मोजावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून चालत नाही.

बाकीचे बारीकसारीक निर्णय कोणतेही घ्या, पण जाहिरातीतच घ्या. जोडरेघेनं जोडलेला शब्द, उदाहरणार्थ ‘माय-बाप’, एक धरणं सोयीचं. ‘दोन हजार पाचशे’ हे तीन शब्द आणि ‘२५००’ हा एक. ज्याला शब्द वाचवायचे तो आकडा लिहील, लिहू द्यावा. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून टाकलेली लांब रेघ वर्डमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून मोजली जाते, तेव्हा ती वजा करायची. टिंबांची रांग देऊन दोन शब्द चिकटवले असतील तर ते दोनच. शीर्षक मोजायचं नाही, पण त्याला चार शब्दांची मर्यादा घालायची. नाहीतर लोक अर्धी कथा शीर्षकात कोंबतात.

अक्षरमर्यादेच्या भानगडीत मात्र पडू नये. ‘विदर्भ’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात: वि, द, र्भ. यंत्र मोजतं सहा, कारण वेलांटी वेगळी, हलन्ताचं चिन्ह वेगळं, र वेगळा. साध्या एसएमएसमध्ये देवनागरीची ७० चिन्हं बसतात, संदेश तुटून लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. जोडाक्षरं जास्त असली की दोन ओळींत संदेश संपतो तो यामुळेच. ‘२०० अक्षरांत कथा’ असं जाहीर केलं की कोणी बोटावर मोजतो, कोणी मोबाइलवर, आणि दोघंही बरोबर असतात.

प्रवेशिका गुगल फॉर्मवर घेतल्या तर त्या शीटमध्ये आपोआप गोळा होतात, आणि तिथं स्प्लिट आणि काउंटए ही सूत्रं एकात एक लावून शब्द मोजता येतात. यात एक खड्डा आहे. स्प्लिट मोकळ्या जागेवर तोडतं, ओळ बदलली तिथं तोडत नाही. म्हणजे एका ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एकच मोजला जातो. संवाद असलेल्या कथांना याचा फटका बसतो. खाली एक नमुना दिलाय, तो दहा परिच्छेदांत मांडलेला आहे, शब्द बरोबर शंभर आहेत, आणि शीट त्याचे ९१ सांगते. उपाय एवढाच की आधी सब्स्टिट्यूट या सूत्रानं CHAR(10), म्हणजे ओळ बदलल्याची खूण, काढून तिच्या जागी मोकळी जागा घालायची, मग तोडायचं. हे न करता ‘तुमचे नऊ शब्द कमी आहेत’ असा निरोप पाठवला की पुढचे दोन दिवस गटात दुसरं काही चालत नाही.

मजकूर टाइप केलेलाच मागावा. फोटो नको, पीडीएफ नको, आवाजाचा निरोप तर नकोच. जुनी माणसं वहीत लिहितात. त्यांच्यासाठी गटातल्या एकानं टाइप करून द्यायचं आणि मजकूर त्यांना वाचून दाखवायचा, कारण टाइप करणाऱ्याचा हात आपोआप बोली ‘सुधारतो’. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला मजकूर बहुधा कृतिदेवमध्ये असतो. कृतिदेव युनिकोड नाही, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली असतात. मोबाइलवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची जत्रा दिसते. रूपांतर करून घेता येतं, पण नंतर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात या दोन जागा हमखास सरकतात.

कधी घ्यायची

जूनमध्ये पेरणी, मग निंदण-डवरणी-फवारणी; भंडारा-गोंदियाकडे जुलैत धानाची रोवणी. ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी, तिथून कापसाची वेचणी. हे दिवस सोडले तर लिहायला सवड मिळते ती जानेवारीत. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, शिक्षक अडकतात, पोरं गायब होतात. तेव्हा प्रवेशिका जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि निकाल २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, हे जमतं. चौदा दिवस पुरे. महिनाभर दिला तरी निम्म्या कथा शेवटच्या दिवशीच येतात.

आणि मुदत ‘रात्री १२’ ठेवू नये. ‘३१ तारखेच्या रात्री १२’ म्हणजे तीस संपून एकतीस लागते ती रात्र की एकतीस संपते ती, यावर दोन्ही बाजूंचे विद्वान निघतात. रात्री ९ लिहावं. ओलितासाठी रात्रीची लाइन, म्हणजे वीज, असलेला माणूसही तोवर मोकळा असतो.

विषय

विषय देताना ‘शेतकरी’, ‘आई’, ‘पाऊस’, ‘माणुसकी’ असलं काही दिलं की निम्म्या कथांमध्ये शेवटच्या ओळीत दोर किंवा विषाचा डबा निघतो. विदर्भात हे खोटं नाही, म्हणूनच ते असं वापरलं जाताना बघवत नाही. शंभरातले नव्वद शब्द माणूस जिवंतच नसतो, नुसता ‘कर्जबाजारी बाप’ असतो. त्याला मारून कथा संपवणं सोपं आहे. सलग पंधरा अशा कथा वाचल्या की सोळाव्या, खऱ्या कथेवरही परीक्षक पटकन पुढं सरकतो. ‘मृत्यू चालणार नाही’ असा नियम करणं वेडेपणा होईल. विषय बदलणं हा उपाय.

वस्तू द्यावी. काटा. धुरा. मचान. बारदाना. उधारीची वही. दुपारची एसटी. ‘धुरा’, म्हणजे शेताचा बांध, म्हटलं की त्यात भावाभावांतला वाद येतो, मोजणीवाला येतो, कोणाच्या हद्दीत आहे ते न ठरलेलं बाभळीचं झाड येतं, धुऱ्यावर बसून खाल्लेली भाकर येते. लिहिणाऱ्याला आपोआप जागा आणि वेळ मिळते, आणि शंभर शब्दांत या दोन गोष्टी फुकट मिळणं फार मोठं आहे.

सण किंवा हंगाम विषय म्हणून दिला तर परीक्षकाला तपशील माहीत हवेत. पोळा श्रावण अमावास्येला, आदल्या दिवशी खांदशेकणी, आणि नागपूर-वर्ध्याकडे दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांचा तान्हा पोळा. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पावसाळ्याच्या तोंडावर. मोहफुलं मार्च-एप्रिलची, तेंदूपत्ता मे महिन्याचा. ज्या कथेत जूनमध्ये कापूस वेचला जातो, तिला भाषा कितीही चांगली असो, पहिल्या फेरीत थांबवावं. शंभर शब्दांत एक तपशील चुकला तर झाकायला दुसरं काही नसतं.

आणि काही शब्द तर आयते पडून आहेत. उलंगवाडी: कापसाचा हंगाम संपला, शेत मोकळं झालं. फरदड: हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. कवडी: किडकं, न फुललेलं बोंड. सीतादही: पहिल्या वेचणीआधी शेतात होणारी पूजा. सालदार: वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. यातला एकेक शब्द परक्या माणसाला समजवायला दहा शब्द लागतील, इथल्या वाचकाला एकही नाही. अशा शब्दांनी कथेत जागा वाचते.

एक नमुना, जवळून

खालची कथा ‘काटा’, म्हणजे वजनकाटा, या विषयावर, समजावण्यापुरती रचलेली आहे. शीर्षक: ढेकूळ.

सूर्य कलला तशा बाया गाठोडी घेऊन काट्यापाशी आल्या. मालकिणीचा पोरगा वही मांडीवर घेऊन बसला होता. कौसाचं गाठोडं आकड्याला लागलं, काटा खाली गेला.

“पस्तीस!” पोरगा ओरडला.

“पस्तीस?” मागून कोणीतरी हसलं.

मालकिणीनं गाठोडं सोडलं. कापूस ढिगावर ओतताना एक काळं ढेकूळ घरंगळत तिच्या पायाशी आलं. चांगलं किलोभराचं. कौसाची मान खाली गेली. मागच्या बाया पदर सावरत पुढे झाल्या. मालकिणीनं पायानंच ढेकूळ धुऱ्याकडे लोटलं.

“किती लिवू माय?” पोरानं विचारलं.

“पस्तीस सांगतलं ना काट्यानं. तेच लिव.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया निघाल्या तरी कौसा एकटी पातीतच होती. तिचं गाठोडं सर्वात शेवटी काट्याला लागलं.

“छत्तीस!”

मालकिणीनं आज गाठोडं सोडून पाहिलं नाही.

“एक कमी लिव, बापू,” कौसा म्हणाली. “कालचा.”

हिचा कच्चा खर्डा १३८ शब्दांचा. तो सुरू व्हायचा असा: ‘कौसा ही एक गरीब पण कष्टाळू बाई होती. तिचा नवरा दारूच्या नादानं दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि तिच्या पदरात दोन लहान लेकरं होती.’ तेवीस शब्द, आणि काटा अजून दिसलाही नाही. गरिबी सांगायला ढेकूळ पुरेसं आहे. किलोच्या भावानं वेचणी करणारी बाई गाठोड्यात किलोभर माती घालते, म्हणजे तिला त्या एका किलोच्या पैशाची गरज आहे. नवऱ्याच्या दारूची माहिती त्यात भर घालत नाही, उलट वाचकाला आधीच कीव करायला लावते. शंभर शब्दांत पात्राचा इतिहास द्यायचा मोह पहिल्या तीन वाक्यांत होतो. खर्ड्याची पहिली तीन वाक्यं झाकून चौथ्यापासून वाचावं. बहुतेक वेळा कथा तिथूनच सुरू झालेली असते.

शेवट होता: ‘मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. गरिबी असली तरी माणुसकी जिवंत असते हे तिला त्या दिवशी कळलं.’ पंधरा शब्द, तेही गेले. ‘कालचा’ म्हटल्यावर हिशेब पुरा होतो. पुढचं वाचकाचं वाचक बघून घेतो. मालकिणीच्या बोलण्यामागचं ‘मालकीण शांतपणे म्हणाली’ हे तीन शब्दही उडाले, कारण पोरानं ‘माय’ म्हटलंय तेव्हा उत्तर कोणाचं ते उघड आहे, आणि ती शांत आहे हे तिनं पायानं ढेकूळ लोटलं त्यातच आलं. उरले ९७.

मग तीन घालायचे. इथंच कथा बिघडतात, कारण लोक ‘खूप’, ‘अगदी’, ‘मात्र’ भरून मोकळे होतात. ‘एकटी’नं चित्र थोडं स्वच्छ झालं. ‘चांगलं’ या शब्दात मालकिणीची नजर आली. ‘सर्वात’ हा मात्र भरतीचा आहे, कबूल.

‘काटा खाली गेला’ आणि ‘मान खाली गेली’ ही पुनरुक्ती ठेवलेली आहे, निसटलेली नाही. इतक्या छोट्या मजकुरात एक क्रियापद दोनदा आलं की वाचकाला ते ऐकू येतं. म्हणूनच नकळत झालेली पुनरुक्तीही तितकीच ऐकू येते. कथा एकदा मोठ्यानं वाचली की कळतं कोणती कुठली.

शेवटाबद्दल थोडं. शशक म्हणजे शेवटच्या ओळीचा धक्का असा समज पक्का बसलेला आहे: बोलणारी बाई भूत निघते, वाट पाहणारा कुत्रा निघतो, आई फोटोत निघते. एखादी अशी कथा चांगली असते. पण धक्क्यासाठी लेखकाला नव्वद शब्द माहिती लपवावी लागते, आणि लपवताना तो माणसाला नाव देत नाही, जागा देत नाही, ‘ती’ आणि ‘तो’ एवढ्यावर चालवतो. दुसऱ्यांदा वाचताना तिथं काहीच उरत नाही. परीक्षकांना एक साधी सूचना द्यावी: कथा दोनदा वाचा, गुण दुसऱ्या वाचनाचे द्या.

बोली

वऱ्हाडीत लिहिलेली कथा ‘अशुद्ध’ म्हणून गुण कापणारा परीक्षक अजूनही भेटतो. त्याला स्पर्धेआधीच लेखी सांगून ठेवावं. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून रायली’, ‘डोया’ हे चुकीचं मराठी नाही. चूक वेगळी असते: एकच म्हातारी पहिल्या वाक्यात ‘मले काय माहीत’ म्हणते आणि तिसऱ्यात ‘मला वाटतं’. चव म्हणून शिंपडलेली बोली लगेच ओळखू येते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, हे चालतं. सगळंच बोलीत, हेही चालतं. संवादात मध्येच पुस्तकी होणं चालत नाही.

दुसरी अडचण परीक्षकांची. वऱ्हाडातला माणूस झाडीपट्टीच्या बोलीत अडखळतो आणि गोंदियाकडच्याला वऱ्हाडीतलं ‘वं’ आणि ‘बे’ कुठं माया आणि कुठं राग हे चटकन कळत नाही. दोन्हीकडचा एकेक परीक्षक असला तर बरं. नसेल तर अडलेल्या शब्दाचा अर्थ लेखकाकडून संयोजकानं विचारून घ्यावा, परीक्षकानं थेट नाही. कथेखाली शब्दार्थ देऊ द्यायचे नाहीत. दिले की कोणीतरी तिथंच कथा पुरी करतो.

परीक्षण

नावं काढून, क्रमांक टाकून कथा पाठवायच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शंभर जणांच्या गटात कोणाची शैली कोणती हेही सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून निदान एक परीक्षक जिल्ह्याबाहेरचा घ्यावा. क्रमांक आलेल्या क्रमानं देऊ नयेत, चिठ्ठ्या टाकून द्यावेत. पहिल्या दिवशी कथा पाठवणारे उत्साही तिघं कोण, हे गटात प्रत्येकाला माहीत असतं.

शंभर शब्द वाचायला मिनिटभरही लागत नाही. म्हणून परीक्षक साठ कथा एका बैठकीत संपवतो, आणि तिथं फसतो. वीस झाल्या की उठावं. त्याहून महत्त्वाचं, दुसऱ्या परीक्षकाला तीच यादी उलट्या क्रमानं द्यावी. पहिल्या पाचांना सगळेच हात आखडून गुण देतात, मधल्यांना सरासरी, शेवटच्यांना थकून. यादी उलटी केली की हे निदान एकमेकांत फिटतं.

पहिल्या फेरीत गुण नकोतच, फक्त ‘पुढं’ किंवा ‘नाही’. दोघांपैकी एकानं ‘पुढं’ म्हटलं तरी कथा पुढं. उरलेल्या पंधरा-वीसांना दहापैकी गुण: प्रसंगाला चार, भाषेला तीन, शेवटाला तीन. शुद्धलेखनाला वेगळे गुण ठेवले की शिक्षक जिंकतात. बरोबरी झाली तर तिसऱ्यानं दोनच कथा वाचून एक उचलायची, कारण लिहायची गरज नाही.

अंगठ्यांवर निकाल लावू नये. ज्याचे काके-मामे जास्त तो पहिला येतो, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही दरवर्षी कोणीतरी सुचवतंच.

उचललेल्या कथा पकडायला विशेष विद्या लागत नाही. मधलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधावं. पहिलं किंवा शेवटचं नको, तेवढं बदललेलं असतं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथा ओळखणं अवघड आहे, पण त्यांत सहसा भांड्याला नाव नसतं, पिकाला जात नसते आणि म्हातारी नेहमी ‘मंद हसते’. खात्री करायची तर लेखकाला फोन करून एकच विचारायचं: यातून कोणता शब्द काढताना जास्त जड गेलं? ज्यानं लिहिलंय तो लगेच सांगतो.

निकालानंतर

निकालाच्या निरोपात जिंकलेल्या तीन कथा पूर्ण द्याव्यात, लेखकाची परवानगी घेऊन. हक्क लेखकाचाच राहील हे नियमात आधी लिहिलेलं असावं. न निवडलेल्यांना दोन ओळींचा अभिप्राय गटात नाही, वैयक्तिक पाठवावा, आणि त्यात एक तरी नेमका शब्द असावा: ‘तिसऱ्या वाक्यापासून सुरू केली असती तर’ इतपत. ‘छान प्रयत्न’ लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं.

पुस्तिका काढायची असेल तर ए-फोर कागद मधोमध दुमडून, मधे पिना मारून काम होतं. एका पानावर चौदा पॉइंटात एक कथा ऐसपैस बसते. अशा बांधणीत पानांची संख्या चारच्या पाढ्यातच हवी. पंचवीस कथा, आत एक नावाचं पान, एक अनुक्रम, एक नियमांचं, म्हणजे अठ्ठावीस; कव्हर वेगळं. डीटीपीवाला मजकूर परत कृतिदेवात नेतो, तेव्हा वेलांट्या आणि रफार पुन्हा एकदा बघून घ्यायचे. संवादांच्या ओळी त्यानं जागा वाचवायला एकत्र केल्या नाहीत ना, तेही. आणि ‘लिव’ लिहिलेलं त्यानं मायेनं ‘लिही’ केलेलं असतं. ते परत ‘लिव’ करून घ्यायचं.